काकीची किल्ली आणि चार 'तो': जपानी शब्द आणि नावं लक्षात ठेवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस माझ्या एका विद्यार्थिनीची. तिला विचारूनच लिहितोय, फक्त नाव आणि कंपनी सांगणार नाही, गणितातल्यासारखं तिला क्ष म्हणू. मी संध्याकाळी ऑनलाइन जपानी शिकवतो. क्ष तिशी ओलांडलेली, मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, घरी लहान मूल, आणि अभ्यासाला रोजची जेमतेम चाळीस मिनिटं, ती पण मूल झोपल्यावर. एन-५, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात खालची पातळी, आधीच पास (एन-४ तिच्या वरची). फेब्रुवारीत माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "सेन्सेई, सप्टेंबरमध्ये तीन महिन्यांसाठी नागोयाजवळच्या प्लांटला पाठवतायत, त्याआधी जुलैत एन-४ द्यायचीय, आणि माझ्या डोक्यात शब्द राहत नाहीत." (सेन्सेई, म्हणजे गुरुजी, हे सगळेच विद्यार्थी म्हणतात, मला सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, आता सवय झाली.)

एन-४ ला साधारण दीड हजार शब्द लागतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण २०१० ला परीक्षेचा पॅटर्न बदलला तेव्हापासून शब्दांची अधिकृत यादी काढणंच बंद झालंय, त्यामुळे हा आकडा अंदाजच समजायचा. तरी एन-५ च्या जवळपास दुप्पट, एवढं नक्की.

अडचण नेमकी काय होती

तिची पद्धत शाळेतलीच. पंचवीस शब्दांची यादी घ्यायची, प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायचा, शेजारी मराठी अर्थ. वही बघितली तर अक्षर सुरेख, समासबिमास आखलेला. पण आठवड्याने मी तेच पंचवीस शब्द उलटेसुलटे विचारले तर सात आले. आणि गंमत म्हणजे ते सात तिला लिहिल्यामुळे येत नव्हते, त्यातले चार ऑफिसच्या कॉलवर रोज कानावर पडणारे होते.

दुसरी अडचण तिने पहिल्या दिवशी सांगितलीच नाही, लाज वाटली असणार. महिन्याभराने बोलता बोलता निघालं. जपानच्या टीमसोबत दर मंगळवारी व्हिडिओ कॉल, समोर नऊ जण, त्यात एक सातो-सान (सान म्हणजे नावामागे लावायचं आपलं 'जी'), एक साइतो-सान, एक कातो-सान आणि एक इतो-सान. एकदा हिने ड्रॉइंगबद्दल साइतो-सानना विचारायचं ते "सातो-सान" म्हणून विचारलं, सातो-सान निघाले मॅनेजर, त्यांना त्या ड्रॉइंगचं काहीच माहीत नाही, ते माफी मागायला लागले, साइतो-सान गप्प, आणि हिला कळेचना की झालं काय. त्यानंतर ती कोणाचं नावच घेईनाशी झाली.

आता मराठीत नाव विसरलं तर 'अहो' म्हणून वेळ मारून नेता येते. जपानीत ती सोय नाही. 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' हा शब्द पुस्तकात असतो, पण समोरच्याला, त्यातून ऑफिसमध्ये, आनाता म्हणणं खटकतं, तिथे नाव अधिक सान हेच सर्वनामाचं काम करतं. म्हणजे नाव आलं नाही की वाक्यच सुरू होत नाही.

समोर असलेले पर्याय

लिहून घोकणं चालू ठेवायचं हा पहिला, तो तिनेच बाद केला. दुसरा, ॲपमधला तयार डेक, म्हणजे शब्दकार्डांचा गठ्ठा, उतरवायचा आणि रोज पन्नास शब्द बदडायचे. तिसरा स्मृतिमहाल, म्हणजे ओळखीच्या घराच्या खोल्याखोल्यांत शब्द ठेवत जायचे. हा तिला फार आवडलेला, कुठेतरी व्हिडिओ बघितला होता. मी नको म्हटलं. क्रमाने यादी म्हणायची असेल तर ही पद्धत जबरदस्त आहे, भाषण पाठ करायला वापरा, पण बोलताना शब्द क्रमाने लागत नाहीत, 'छत्री' हवी असताना दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत चालत कोण जाणार.

चौथा पर्याय कीवर्ड पद्धत. परक्या शब्दासारखा ऐकू येणारा आपल्या भाषेतला शब्द शोधायचा आणि त्याचं आणि अर्थाचं एकच चित्र डोळ्यासमोर आणायचं. १९७५ मध्ये अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या दोघांनी रशियन शब्दांवर हे करून बघितलं होतं आणि नुसत्या पाठांतरापेक्षा ते बरंच सरस ठरलं होतं. आणि पाचवा, काहीच युक्ती नको, भरपूर ऐका, वाचा, शब्द आपोआप मुरतील. हा खरं तर सगळ्यात चांगला, पण वर्ष-दोन वर्षं हाताशी असतील तर. आमच्याकडे जुलैपर्यंत पाच महिने.

ठरलं असं की कीवर्ड आणि सोबत अंकी, पण कार्ड स्वतः बनवायची, रोज नवीन दहाच. (अंकी म्हणजे शब्दांची कार्डं ठरावीक अंतराने उजळणीला पुढे आणणारं ॲप, नाव मुळात जपानीच, अर्थ पाठांतर.)

पहिले दोन महिने

सुरुवात झकास झाली. कासा म्हणजे छत्री: "एवढ्या पावसात कसा जाणार?" झालं, पुन्हा विचारावं लागलं नाही. सामुइ म्हणजे थंडी वाजणं: कुडकुडत समईवर हात शेकणारी ती स्वतः. उमि म्हणजे समुद्र, ऊर्मी म्हणजे लाट, इथे तर चित्राचीही गरज नाही. सगळ्यात भारी वासुरेरु, म्हणजे विसरणे. तिने दोन सेकंदात सांगितलं, "वासरू विसरलं." शब्द आणि अर्थ दोन्ही त्या दोन शब्दांत, मी इतकी वर्षं शिकवतोय, मला हे सुचलं नव्हतं.

काही शब्दांना तर काहीच करावं लागत नव्हतं. जपानीत आपल्यासारखेच जोडीचे आवाजी शब्द ढीगभर आहेत. ढगांचं गोरोगोरो म्हणजे आपलं गडगड, छातीचं दोकिदोकि म्हणजे धडधड, पिकापिका म्हणजे चकचकीत. हे मराठी माणसाला फुकटात मिळतात. तसंच 'त्सु' चा बाऊ. इंग्रजीतून शिकणारे त्यासाठी झगडतात, आपल्याकडे 'चूल' मधला च आहे की, तोच लावायचा. कुत्सु, म्हणजे बूट, हा 'चूल' मधला च घेऊन 'कुचु' म्हटला तरी जपानी माणसाला कळतो.

मग गडबड सुरू झाली.

पहिली गडबड याच कुत्सुची. चित्र होतं, कुत्रा तोंडात बूट घेऊन पळतोय. चाचणीत मी म्हटलं कुत्सु, ती म्हणाली कुत्रा. चित्र अगदी स्वच्छ आठवत होतं तिला, पण त्यातलं उत्तर कोणतं ते नाही. कुत्रा इनु, तो शब्द तिला एन-५ पासून येत होता, तरीही. मग चित्र बदललं: खोलीएवढा बूट, आणि आत कुठेतरी बारकं कुत्रं, नुसतं भुंकणं ऐकू येतंय. अर्थाची वस्तू मोठी, आवाजाची वस्तू बारकी, हा नियम तेव्हापासून.

दुसरी गडबड जास्त खोलातली. कागि म्हणजे किल्ली. कीवर्ड काकी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली, त्या खणखणाटासकट. इतकं छान जमलेलं चित्र की आम्ही दोघं खूश. दहा दिवसांनी तिने लिहून दाखवलं 'काकि'. आणि काकि हा जपानीत वेगळा शब्द आहे, एक नारिंगी फळ. म्हणजे किल्ली हरवली म्हणायच्या ऐवजी फळ हरवलं. कीवर्डचा आवाज खऱ्या शब्दाच्या आवाजावर चढून बसला होता. चित्र जितकं पक्कं तितकी चूक पक्की.

खोदत गेल्यावर कळलं की चूक फक्त काकीची नाही, देवनागरीची पण आहे. ती कार्डावर सगळं देवनागरीत लिहायची. ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाआसान म्हणजे आजी, फरक फक्त आ किती लांबवायचा याचा. आपल्याकडे इ-उ ला निदान लिहिताना ऱ्हस्वदीर्घ आहे (बोलताना कोण पाळतं ते सोडा), त्यामुळे बिरु म्हणजे बिल्डिंग आणि बीरु म्हणजे बिअर हे जमतं. पण आ, ए, ओ ला लिपीत दुसरी जागाच नाही. कोको म्हणजे इथे, आणि दोन्ही ओ लांबवले की तेच हायस्कूल. तिच्या वहीत दोन्हीकडे 'कोको'.

इथे निर्णय घ्यावा लागला, आणि तो मी उशिरा घेतला हे कबूल करतो. देवनागरी कार्डावरून काढून टाकली. समोर हिरागाना, म्हणजे जपानीची उच्चाराप्रमाणे लिहायची लिपी, आणि आवाज, मागे अर्थ, आणि कीवर्ड असलाच तर कोपऱ्यात बारीक. हिरागानात लांब स्वर हे जास्तीचं एक अक्षर म्हणून डोळ्याला दिसतं. तिला हे सुरुवातीला जड गेलं, वेग निम्म्यावर आला, एक आठवडा चिडचिड झाली. तीनशेच्या वर कार्डं परत बनवावी लागली, मूल झोपल्यावर, चाळीस मिनिटांत. तिच्या जागी मी असतो तर बहुतेक क्लासच सोडला असता.

जळवा

एप्रिलच्या शेवटी ऑफिसमध्ये ऑडिट लागलं आणि बारा दिवस तिने ॲप उघडलं नाही. उघडलं तेव्हा चारशेच्या आसपास कार्डांची उजळणी थकलेली. अंकी वापरणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा बघून पोटात गोळा येतो. ती म्हणाली, सगळं उडवून नव्याने सुरू करू. मी म्हटलं थांब.

दोन आठवडे नवीन शब्द पूर्ण बंद, फक्त थकबाकी. आणि त्यातून एक गोष्ट वर आली जी आधी दिसली नव्हती. एखादं कार्ड शिकून झाल्यावरही आठ वेळा चुकलं की अंकी त्याच्यावर 'लीच' असा शिक्का मारून ते बाजूला ठेवतं. लीच म्हणजे जळू. हे नाव तिला इतकं आवडलं की "सेन्सेई, आज तीन जळवा निघाल्या" असे मेसेज यायला लागले. एकूण निघाल्या एकतीस.

त्या एकतीसकडे बघत बसलो तेव्हा लक्षात आलं, बाकीचे शेकडो शब्द गोष्टीशिवायच, म्हणजे कीवर्डच्या चित्राशिवायच, बसले होते. तिने गोष्टी बनवल्या होत्या, हो, पण विचारल्यावर त्यातल्या निम्म्या तिला आठवतही नव्हत्या, शब्द मात्र येत होते, कारण ते कॉलवर कानावर पडत होते किंवा ॲपने योग्य वेळी पुढे आणून टाकले होते. मग प्रत्येक शब्दाला दोन मिनिटं घालवून गोष्ट कशाला? तिथून उलटं केलं: आधी शब्द नुसता घ्यायचा, आला तर आला, जळू झाला तरच त्याला गोष्ट.

जळवांमध्ये पण एक मजा होती. बऱ्याचशा जोडीने निघाल्या. किराइ आणि किरेइ, एक 'आवडत नाही', दुसरा 'सुंदर'. कोवाइ आणि कावाई, एक 'भीती वाटते', दुसरा 'गोड'. सराव म्हणून मी माझ्या भाचीचा फोटो दाखवला तर बाई म्हणाल्या, "कोवाइ देसु ने." (ते शेवटचं ने म्हणजे आपलं 'ना', ते मात्र अचूक.) या जोड्या तिने एकाच दिवशी, एकाच यादीतून, 'विशेषणं' या मथळ्याखाली शिकल्या होत्या. सारखे दिसणारे शब्द एकत्र शिकले की एकमेकांचे पाय ओढतात. जोडीतला एक पक्का होईपर्यंत दुसरा लपवून ठेवायचा, आम्ही तीन आठवड्यांचं अंतर ठेवलं. त्यातल्या एकालाच गोष्ट द्यायची, दोघांना दिली तर गोष्टींचीच अदलाबदल होते.

आणखी एक. होन म्हणजे पुस्तक. मी मोठ्या उत्साहाने शिवकाळातला सोन्याचा होन दिला, पुस्तकाच्या पानांतून होन सांडतायत वगैरे. बसलं नाही, जळू झालं. तिने स्वतः 'फोन' हा कीवर्ड घेतला, पुस्तक कानाला लावून "हॅलो" म्हणणारा माणूस. बसलं. माझी गोष्ट वाईट नव्हती असं अजून वाटतं, पण ती माझी होती.

नावांचं काय केलं

नावांसाठी आधी तेच केलं, चेहऱ्यावर चित्र लटकवायचं. यामागुची-सान: यामा म्हणजे डोंगर, कुची म्हणजे तोंड, जोडताना कुचीचं गुची होतं. तिने त्यांच्या तोंडाच्या जागी डोंगरातली गुहा कल्पिली. पुढच्या मंगळवारी यामागुची-सान बोलायला लागले आणि हिला हसू आवरेना, कॅमेरा बंद करावा लागला. ते तिथेच सोडलं.

मग आडनावांचे तुकडे करायला घेतले, आणि इथे खरा फायदा झाला. जपानमध्ये सामान्य माणसाला आडनाव लावायची मोकळीक १८७० ला मिळाली आणि १८७५ ला ते सक्तीचं झालं, आणि मोठ्या संख्येने आडनावं शेत, डोंगर, नदी, गाव अशा जागांवरून आहेत. आपल्या '-कर' वाल्यांना हे लगेच कळतं. तानाका म्हणजे शेताच्या मधला, नाकामुरा मधलं गाव, यामामोतो डोंगराचा पायथा, इशिकावा दगडांची नदी, कोबायाशी छोटं रान, इनोउए विहिरीच्या वरचा. पंचवीस-तीस तुकडे आले की शेकडो आडनावं सुटतात, आणि ते तुकडे म्हणजे एन-५, एन-४ चेच शब्द, म्हणजे अभ्यास एकच. जोडताना आवाज मऊ होतो, ता चं दा, कावाचं गावा, हायाशीचं बायाशी, आपल्या संधीसारखंच, फक्त नियम नेहमी पाळेलच असं नाही. ताकाहाशीत हाशी तसाच राहतो, इशिबाशीत बाशी होतो.

नुसता अर्थ कळून भागत नाही. १९८७ च्या एका ब्रिटिश प्रयोगात दिसलं होतं की 'हा माणूस बेकर आहे' हे लक्षात राहतं, 'याचं आडनाव बेकर आहे' हे राहत नाही, शब्द एकच असून. म्हणून तिने अर्थ त्या माणसाच्या कामाशी जोडला. इशिकावा-सान रिजेक्ट पार्टचा हिशोब ठेवायचे, तर नदीतून दगड वेचून बाजूला काढणारे ते. नाकामुरा-सान दोन टीमच्या मध्ये निरोप्या, म्हणून मधलं गाव. चेहऱ्याला हात लावला नाही.

राहिले चार 'तो'. सातो हे जपानमधलं सगळ्यात कॉमन आडनाव, इतो आणि कातो पण पहिल्या दहात, म्हणजे टाळून चालणार नाही. या चारही नावांतलं तो म्हणजे फुजी नावाच्या वेलीचं चिन्ह, तेच चिन्ह पुढे आलं की फुजी वाचतात, जसं फुजिता, आणि मागे आलं की तो. जुन्या फुजिवारा घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. इतो मधला इ इसे प्रांताचा, कातो मधला का कागा प्रांताचा असं सांगितलं जातं. हे कळल्यावर तिने शेवटच्या तो कडे बघणंच बंद केलं आणि फक्त पुढच्या तुकड्यावर चौघांना वेगळं केलं. साइतो-साननी मात्र स्वतःच मदत केली. साइ या अक्षराची जुनी-नवी बरीच रूपं आहेत, त्यांचं सगळ्यात किचकट, कॉलवरच्या नावपट्टीत ते काळ्या ठिपक्यासारखं दिसायचं. 'गिचमिड अक्षर' म्हणजे साइतो-सान. याला मी पद्धत म्हणणार नाही, पण चाललं.

निकाल

जुलैत एन-४ पास. १८० पैकी ९० लागतात, तिला ११२. शब्दांच्या भागात छान, ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ लागतात तिथे २४, म्हणजे थोडक्यात वाचली. कार्डं डोळ्यांनी ओळखत होती, त्याच शब्दावर कानाने अडखळत होती.

नागोयाला पहिल्या मीटिंगमध्ये सात व्हिजिटिंग कार्डं मिळाली. तिथल्या पद्धतीप्रमाणे माणसं ज्या क्रमाने बसलीत त्याच क्रमाने ती टेबलावर मांडून ठेवली, त्यामुळे नाव विसरायचा प्रश्नच नव्हता. चूक झाली ती वाचण्यात: 'मधलं बेट' असं अक्षर बघून ती नाकाशिमा म्हणाली, ते होते नाकाजिमा. दोन्ही बरोबर असू शकतं, अक्षरावरून कळत नाही. त्यानंतर तिने एक वाक्य तयार ठेवलं, "ओनामाए वा नान्तो ओयोमी सुरेबा ई देसु का", आपलं नाव कसं वाचायचं. हे विचारणं उद्धटपणा नाही, तिथल्या फॉर्मवर पण नावाचा उच्चार लिहायला वेगळी जागा असते.

परत करायचं झालं तर

आवाज पहिल्या दिवसापासून. देवनागरी पहिल्या दिवसापासून बंद, याची जबाबदारी माझी, "सोपं पडेल" म्हणून मीच चालू दिली होती. नावांबद्दल पहिल्याच तासाला विचारलं असतं तर तो एक महिना वाचला असता. आणि रोज दहा ऐवजी सहा-सातच शब्द, ऑडिट काय, मुलाचा ताप काय, मध्ये काहीतरी येणारच हे धरून.

स्मृतिमहालाला मी सरसकट नको म्हटलं ते मात्र पुन्हा तपासून बघेन. तारखांसाठी तो चालला असता. जपानीत एक ते दहा तारखांना वेगळी नावं आहेत आणि ती क्रमानेच लागतात. क्ष अजून तिथेच अडते: योक्का म्हणजे चार तारीख, योओका म्हणजे आठ. दोन्हींना गोष्टी दिल्या, तीन वेळा बदलल्या, दोन्ही अजून जळवा. प्लांटमध्ये ती तारीख बोलते आणि लगेच बोटं वर करून दाखवते, आणि आता नाकाजिमा-सान पण तिच्याशी बोलताना तेच करतात.